पाचव्या पानावरची ओळ

कविराज हे काही त्याचं नाव नव्हे. पर्यटन कचेरीतल्या लोकांनी केलेली ती थट्टा होती, आणि थट्टा अठ्ठावीस वर्षं टिकली की तिचंच नाव होऊन जातं. आसपास पाहण्यासारखं जे काही असेल त्याचं वर्णन करायचं, ते कागदात बसवायचं आणि छापखान्यात नेऊन द्यायचं, हे त्याचं काम. लांबट कागद, त्याला दोन घड्या, घड्या घातल्या की सहा पानं. पहिलं मुखपृष्ठ, सहाव्यावर नकाशा आणि फोन नंबर, मधल्या चारांवर किल्ला, तलाव, संग्रहालय आणि एक गाव. ही माहितीपत्रकं बसस्थानकावर, हॉटेलांच्या काउंटरवर, चौकशीच्या खिडकीपाशी लाकडी खणांत उभी असत. लोक येत, एखादं उचलत, वारा घेत, पोराचं नाक पुसत आणि बाकावर टाकून आपल्या वाटेला लागत.

तलावाला 'नितळ' म्हणून झालं होतं, 'निळाशार' म्हणून झालं होतं, 'आरशासारखा' तर चार वेळा. तलाव आपला दर उन्हाळ्यात हिरवाच. पण आपलं लिहिलेलं कुणी एकाने तरी शेवटपर्यंत वाचलं का, हे कविराजाला कधी कळलं नव्हतं. पेरणाऱ्याला निदान उगवलेलं दिसतं. याचं पेरलेलं बाकावर सुकायचं.

पाचव्या पानावरचं गाव त्याचं स्वतःचं होतं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्या पानावर एक बाग होती. बागेतून रस्ता गेला, पान मोकळं झालं. छापखानेवाला दारात उभा राहून मान खाजवत म्हणाला, "कविराज, काहीतरी टाका बुवा. कोरं पान गेलं तर लोक म्हणतील, यांच्याकडची प्रेक्षणीय स्थळंसुद्धा संपली."

हाताशी एकच फोटो होता. डोंगराच्या कुशीतलं दगडी घर, निळं दार, उंबरठ्यावर बसलेली आई. आणि फोटो पाहता पाहता त्याला आईचं गाणं आठवलं. बाप कामासाठी परमुलखात गेला तेव्हा ताई चार वर्षांची होती आणि हा पाळण्यात. बाप परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही, मेल्याची खबरही नाही. आई पाळण्याची दोरी ओढता ओढता म्हणायची:

माझ्या गं दाराला, नाही घातली मी कडी
गेलेल्याची वाट, बघते मी घडोघडी

फोटो बसला, बसची माहिती बसली, आणि मध्ये जागा उरली एका ओळीपुरती. त्याने पहिली घेतली, दुसरी सोडली. अक्षर मोठं दिसावं म्हणून 'गं' गाळला, 'घातली मी' गाळलं. उरलं ते असं: 'माझ्या दाराला नाही कडी.' त्याखाली बारीक टाइपात त्याने आपली भर घातली: 'या गावात कुठलंही दार ढकला, ते उघडंच असतं. आत या, आपलंच घर समजा.' वाट पाहणाऱ्या बाईचं दार असं पाहुणचाराचं दार झालं. दुःखाचं कापड उलटं बेतलं, पण झगा सुरेख झाला. छापखानेवाल्याने वाचलं आणि पहिल्यांदाच मान खाजवायची थांबवली. "हे आवडलं," तो म्हणाला. कविराजाला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पहिल्या वर्षी आठ-दहा माणसं आली. ताईने त्यांना पाणी दिलं, हसून बोलली. मागे राहिलेली लेक ती. लग्न केलं नाही, आईला सोडलं नाही, तिलाही चार माणसांचं येणं बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी गाड्या आल्या. तिसऱ्या वर्षी बस. गावात पन्नास दारं, पण फोटो एकाच दाराचा, त्यामुळे 'कुठलंही दार' म्हणजे तेच. लोक बुटांसकट आत येत. ओट्यावरच्या भांड्यांची झाकणं उचलून बघत. एक गृहस्थ ताईच्या अंथरुणावर बसून मोजे बदलत होते, ती समोर उभी राहिली तर म्हणाले, "चालू द्या तुमचं."

हे सगळं ताईने सोसलं असतं. तिला सोसवेना ते वेगळंच.

आईचं आता वय झालं होतं. मधली पन्नास वर्षं तिच्या मनातून गळून गेली होती आणि अलीकडचा काठ पलीकडच्याला जाऊन टेकला होता. दार करकरलं की ती अंथरुणात उठून बसायची, हाताने केस सारखे करायची आणि विचारायची, "आलात?"

तिच्या वयाच्या बायका नवऱ्याला असंच आदराने, अनेकवचनात बोलायच्या. दारात उभ्या राहिलेल्या चाळीस जणांच्या घोळक्याला ते अनेकवचन आपलंच वाटे. "आलो, आलो आजी," म्हणून ते हसत, फोटो काढत. आई एकेक तोंड निरखून बघे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग चेहरा विझे आणि ती भिंतीकडे वळून पडून राही. वीस मिनिटांनी पुन्हा दार, पुन्हा केस, पुन्हा "आलात?" सुट्टीच्या दिवशी तीस-तीस वेळा. दुपारी डोळा लागत नसे, पुढ्यात ताट ठेवलं तर म्हणे, "ते आले की बसते."

कडी घालून पाहिली होती. कडी घातली की आई चाचपडत उठून ती काढायची. एकदा काढताना पडली, कोपर फुटलं. आणि बाहेरचे लोक दार बडवत, "अहो, पत्रकात तर उघडंच असतं लिहिलंय."

कचेरीतल्या अभिप्रायाच्या वहीत कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'आजींनी जणू वर्षानुवर्षं आमचीच वाट पाहिली असावी, असं स्वागत झालं.'

"दादा, ते पान बदल," ताई दोन वर्षं म्हणत होती. मोठी असून ती त्याला दादाच म्हणायची. घरात दादा म्हणायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. आणि तो दोन वर्षं म्हणत होता, "पुढच्या छपाईला नक्की." दर छपाईला घाई असायची आणि मागचंच पान पुढे जायचं.

या वर्षी मात्र खरोखरच बदलायची वेळ आली होती. कचेरीत नव्या मॅडम आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, छापील पत्रकाचा काळ संपला. सगळं फोनवर न्यायचं. पण बाई सरळ होत्या, पुरावा मागणाऱ्या. त्यांनी चाळीस हजार पत्रकांच्या खालच्या कोपऱ्यावर तुटक रेघ आणि छोटी कात्री छापून घेतली. पत्रक वाचून येईल त्याने कोपरा फाडून त्या ठिकाणच्या पेटीत टाकायचा. वर्षाअखेर सोडत, एकाला दोन दिवस राहणं फुकट. हजार कोपरे परत आले तर पत्रक राहील, नाहीतर बंद. गावाची पेटी निळ्या दारापाशी कविराजानेच स्वतःच्या हाताने ठोकली होती.

त्या रविवारी तो गावी गेला तेव्हा ताईने पेटी उघडलीही नाही. कोपऱ्यातून एक गोणी ओढत आणली आणि त्याच्या पायाशी सोडली.

"घे तुझे कोपरे. पेटी केव्हाच भरली. तेव्हापासून यात भरतेय."

त्याने गोणीत हात घातला. कोरडी, हलकी, त्रिकोणी पानगळ. "ताई, एवढे?"

"आवाज बघ स्वतःचा," ताई म्हणाली. "बारसं असल्यासारखा."

त्याने हात गोणीतून काढला. आत आई जागी होती. दोन बसच्या मध्ये मिळालेल्या निवांतपणात छताकडे बघत होती.

"तू म्हणालास ना, हजार नाही आले तर पत्रक बंद," ताई म्हणाली. "मग हे मी आत्ता मागच्या अंगणात पेटवते. आले नाहीत म्हणून सांग. पत्रक गेलं की हे दारही सुटेल. तुझी नोकरी तर जात नाही?"

"नाही. नकाशांच्या खोलीत बसवतील. दोन वर्षं राहिलीत, पगार तोच."

"मग?"

"मग काही नाही. पण अंगणात नको पेटवूस, लोक बघतील, विचारतील. मी नेतो. रद्दीत घालतो."

"कुणाला दाखवणार नाहीस?"

"नाही. शब्द देतो."

ताईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुझ्या शब्दांनीच तर ही वेळ आणली," ती म्हणाली. "पण दे. दुसरं काय आहे तुझ्याकडे द्यायला."

आणि ती हसली. थोडंसं, थकलेलं. भावावर विश्वास टाकून झाल्यावर बहिणीचं अंग जसं हलकं होतं तसं तिचं झालं होतं. निघताना तिने गोणीचं तोंड स्वतः बांधून दिलं.

घरी येऊन त्याने ते सोडलं. नुसतं बघायला. मग नुसतं मोजायला; टाकायचेच आहेत, पण किती टाकतोय हे तर कळावं. जमिनीवर शंभर-शंभराच्या ढिगल्या घातल्या. दुपार सरली, पाय आखडले, आणि आकडा निघाला दोन हजार तीनशे शेहेचाळीस. दोन हजार तीनशे शेहेचाळीस माणसांनी त्याचं लिहिणं वाचून पाऊल उचललं होतं. काहींनी कोपऱ्यामागे नावं लिहिली होती, पत्ते लिहिले होते. एकावर बॉलपेनने बारीक अक्षरात होतं: 'फोटोपेक्षा ती ओळ वाचून आले. रात्रभर प्रवास करून.'

तो कोपरा त्याने शर्टाच्या खिशात ठेवला. बाकीचे गोणीत भरले. रद्दी कचेरीतल्या रद्दीबरोबरच जाऊ दे, असं स्वतःला सांगून सोमवारी गोणी बरोबर नेली आणि टेबलाखाली सरकवली. माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा फार व्यवस्थित बोलतो.

बैठकीत मॅडमनी पेट्या उघडल्या. किल्ला, एकोणीस. तलाव, एकतीस. संग्रहालय, दोन.

"त्यातला एक पहारेकऱ्याने टाकलाय," छापखानेवाला म्हणाला. "सोडतीच्या आशेने." त्याचं मशीन या पत्रकावर चालत होतं, तरी त्याला विनोद आवरत नसे.

"आणि गाव?"

"गावची पेटी आणली नाही," कविराज म्हणाला. इथवर त्याने शब्द पाळला.

"आणून तरी काय होणार होतं," मॅडम म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. कामाची घाई असलेल्या बाई होत्या, आणि घाईत माणूस खरं वाटेल ते बोलून जातो. "कविराज, मनाला लावून घेऊ नका. पण पत्रक वाचतं कोण? फोटो बघतात, हात पुसतात. कागद चांगला असतो आपला."

"पाणी छान शोषतो," छापखानेवाला म्हणाला.

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. लग्नाघरी एखाद्या काकांवर हसावं तसं मोकळं, बिनविषारी. कविराजही हसला. मग उठला, "आलोच" म्हणाला, आपल्या खोलीत गेला, टेबलाखालून गोणी ओढली आणि पाठीवर टाकून परत आला. जिन्यात त्याला गोणीची गाठ हाताला लागली, ताईने मारली होती तशीच त्याने घरी पुन्हा मारलेली. ती घट्ट होती. त्याने दातांनी सोडवली.

गोणी त्याने टेबलावर उपडी केली.

कोपरे पसरले, चहाच्या कपांत पडले, मॅडमच्या मांडीवर पडले, खुर्च्यांखाली सरकले. "दोन हजार तीनशे शेहेचाळीस," तो म्हणाला. "मोजलेत." आणि खिशातला तो एक काढून त्याने तो मॅडमच्या हातात दिला. "हा वाचा. मोठ्याने वाचा."

मॅडमनी वाचला. मग बाजूला कागद ओढून भागाकार केला. "जवळजवळ सहा टक्के," त्या सावकाश म्हणाल्या. "फोनवरच्या जाहिरातीला अर्धा टक्का मिळाला तरी आम्ही पाठ थोपटून घेतो." त्यांनी कविराजाकडे नव्याने पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत त्याच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. "मी चुकले. माफ करा मला."

ते ऐकताना त्याच्या छातीत काहीतरी इतकं गोड उमललं की पुढचं त्याला जरा उशिराच ऐकू आलं. पुढच्या छपाईला ऐंशी हजार पत्रकं. किल्ला, तलाव मागे. मुखपृष्ठावर ते दार, आजींचा नवा मोठा फोटो, आणि ती ओळ.

"गाण्याला पुढची ओळ आहे का?" मॅडमनी विचारलं. "मुखपृष्ठावर जागा आहे भरपूर."

"नाही," कविराज म्हणाला. "एवढीच आहे." आणि मग, घसा खाकरून, "मॅडम, फोटो जुनाच घेतला तर? आईची तब्येत आता बरी नसते."

"अरेरे," मॅडम मनापासून म्हणाल्या. "मग तर फोटो लगेच घ्यायला हवा."

त्यावर काय बोलावं ते त्याला सुचलं नाही. सुचायला हवं होतं. शब्दांवर जगणारा माणूस, पण आडात असलेलं ऐनवेळी पोहऱ्यात येईना. रात्री ताईला फोन करावा म्हणाला, उद्या करू म्हणाला. मंगळवारी म्हणाला, रविवारी जाऊन समोरासमोर सांगू.

गुरुवारी सकाळी छापखानेवाला मुखपृष्ठाचं प्रूफ घेऊन आला. टेबलावर पसरलं, स्वतः स्टुलावर बसला. "काय आलाय हो फोटो," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत असा चेहरा छापला नाही मी."

फोटोत आई उठून बसली होती. एक हात केसांवर. तोंड किंचित उघडं. सगळ्या सुरकुत्या वरच्या दिशेला वळल्या होत्या, आणि डोळ्यांत असा उजेड होता की कविराजाने आयुष्यात तो पाहिला नव्हता. कारण तो कधीच त्या दारातून तिला हवा असलेला माणूस होऊन आला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. ताई होती. मागे गाडीच्या इंजिनाचा आवाज होता.

"फोटोवाला काल येऊन गेला," ती म्हणाली. आवाज सपाट, भाजी काय केली सांगावं तसा. "मी दुकानात गेले होते. परत आले तर उंबऱ्यात दिवे लावलेले. हा बाहेर जायचा, दार ढकलायचा, आई उठायची, हा आत बघायचा चेहरा बरोबर आला का. परत बाहेर. पाच वेळा, दादा. पाचव्यांदा आई रडली. तो म्हणाला, तिसरा चांगला आलाय, काळजी नको."

"ताई, माझं ऐक..."

"त्याने मला कागद दाखवला. ऐंशी हजार. मी म्हटलं, चुकतंय तुमचं, कोपरे तर रद्दीत गेले. तो म्हणाला, छे हो, तुमच्या भावाने टेबलावर ओतले. सगळी कचेरी बघत होती म्हणे. बोलत होता तेव्हा त्याला तुझं फार कौतुक वाटत होतं."

छापखानेवाला नखाने स्टुलाची कड खरवडत होता. कविराजाने त्याच्याकडे पाठ केली.

"मला म्हणाले, हात पुसायचा कागद," तो हळू म्हणाला. "सगळ्यांसमोर. अठ्ठावीस वर्षांचं काम, ताई."

"हो," ताई म्हणाली. "लागलं असेल."

तिला खरंच कळलं होतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

"आईला घेऊन निघालेय मी," ती म्हणाली. "घर बंद केलं. सामान गाडीत चढतंय."

"कुठे निघालात?"

"खोली बघितलीय एक. दोघींपुरती."

"बरं झालं. बरं केलंस. मी रविवारी येतो तिकडे. आईला बघतो. पत्ता सांग."

फोनमध्ये नुसतं इंजिन घरघरत राहिलं. कुणीतरी विचारलं, ही पेटी पण घ्यायची का, आणि ताई त्याला म्हणाली, नाही, ती आमची नाही.

मग ती याला म्हणाली, "पत्ता सांगितला तर तू छापशील."

टोमणा नव्हता त्यात. तापल्या तव्याला हात लावू नये असं पोराला सांगावं, तितकं साधं सांगणं होतं. फोन बंद झाला. त्याने पुन्हा लावला, तो लागला नाही. आणखी एकदा लावला.

"घरचा होता?" छापखानेवाल्याने विचारलं.

"हो."

"सगळं ठीक?"

कविराज खुर्चीवर बसला. घर बंद आहे, दारामागे आता कुणी नाही, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ऐंशी हजार माणसांसाठी एक वाक्य. पण मग मॅडम 'का?' विचारतील, आणि मग ते पाच वेळा ढकललेलं दार सांगावं लागेल, गोणी सांगावी लागेल, शब्द सांगावा लागेल.

"ठीक," तो म्हणाला.

त्याने प्रूफ जवळ ओढलं. ओळीखाली मॅडमनी स्वतःचं एक वाक्य घातलं होतं. मोकळी जागा त्यांना बघवली नसणार. 'आजी तुमची वाट पहात आहेत.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग लाल पेन उघडलं, 'पहात' खोडलं, समासात 'पाहत' लिहिलं, आणि खाली तारीख घालून सही केली.